मोटारीची ठकठक

आवाजांना नावे देण्याची मराठी भाषेला फार हौस. पाऊस रिमझिमतो, पाने सळसळतात, बांगड्या किणकिणतात, दार करकरते आणि छाती धडधडते. हे ध्वन्यनुकारी शब्द वर्गात शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो, की हे शब्द केवळ गोडव्यासाठी जन्मलेले नाहीत. कान देऊन ऐकणाऱ्या माणसांनी ते कामासाठी घडवले आहेत. कुंभाराकडे माठ घेताना आपल्या आजीने त्यावर टिचकी मारली आणि माठ खणखणला, तर तो घरी यायचा. ‘बद्द’ वाजला, तर कुठेतरी तडा गेला आहे हे तिला दिसण्याआधीच कळायचे.

हेच शब्दभांडार मोटारीच्या गॅरेजात फार उपयोगी पडते, असे म्हटले तर मराठीच्या प्राध्यापकाने आपले दुकान भलत्याच बाजारात मांडले असे कोणी म्हणेल. परंतु गाडीचे एंजिन ठोके देऊ लागले म्हणजे आपण काय करतो ते पाहा. गॅरेजवाल्याला सांगतो, “गाडी आवाज करते.” डॉक्टरांकडे जाऊन “बरे वाटत नाही” एवढेच सांगावे, तसलाच हा प्रकार. पुढचे सगळे मग समोरच्याच्या मर्जीवर आणि आपल्या खिशावर. ठोका एंजिनाच्या पोटातला निघाला, तर खर्च जुन्या गाडीच्या किमतीइतका होऊ शकतो. वरवरचा निघाला, तर संध्याकाळपर्यंत गाडी घरी. फरक असतो तो आवाजाच्या जातीचा, आणि ती जात ओळखण्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही.

आधी हा ठोका पडतो कशाने, ते समजून घेऊ. पेट्रोलच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरात चार कामे पाळीपाळीने होतात. पिस्टन खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगीने ते पेटले की जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर लोटतो. जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली हा क्रम यशस्वी करून दाखवला, आणि तोच आजतागायत चालू आहे. पिस्टनचे वरखाली जाणे कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकच्या दांड्याला फिरवते. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असले, तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबतो आणि १०० वेळा उलटा फिरतो. एवढ्या धावपळीत धातू धातूवर आपटत नाही, कारण दोहोंच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. बेअरिंगमधली ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी. तेल कमी पडले, पातळ झाले, किंवा झिजेने ही फट रुंदावली, की पापुद्रा तुटतो आणि ठोका सुरू होतो.

आता आवाजांच्या जाती पाहू. पहिली टिकटिक. शिवणयंत्र चालावे तशी हलकी, कोरडी, एंजिनाच्या वरच्या अंगाला ऐकू येणारी. ही टॅपेटची. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून ही टिकटिकही एंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडते. ज्या जुन्या एंजिनांत टॅपेटची फट हाताने बसवावी लागते, तेथे मिस्त्री पोलादाची पातळ पट्टी, ज्याला ते फिलर म्हणतात, त्या फटीत सरकवतो. आवाज गप्प झाला की चोर सापडला. बहुधा हा आवाज त्रासाचा असतो, धोक्याचा नसतो.

दुसरा आवाज थंडीतल्या सकाळचा. गाडी सुरू होताच पोकळ ठपठप येते आणि एंजिन तापले की विरत जाते. झिजलेल्या सिलिंडरात पिस्टन थोडा डुलतो व भिंतीवर आपटतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तेव्हा उष्णतेने तो फुगतो, फट भरून निघते आणि आवाज मावळतो. म्हाताऱ्या माणसाचे सांधे सकाळी कुरकुरतात आणि चार पावले चालल्यावर मोकळे होतात, तशातली ही गोष्ट. अशी एंजिने पुढे कैक वर्षे चालतात.

तिसरी खरी ठकठक. ती खालून येते, घट्ट असते, एंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. एंजिन मध्यम वेगात नेऊन अॅक्सिलरेटर सोडला की त्या क्षणी अधिक स्पष्ट होते. ही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. आणि चौथी त्याहून खोल, जड धपधप, चढावर किंवा एंजिनावर भार आला की वाढणारी आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवणारी. ही क्रँकच्या मुख्य बेअरिंगची. या दोहोंबरोबर तेलाचा दाब उतरलेला असेल, तर गाडी एक फर्लांगही पुढे नेऊ नये. सैल रॉड तुटला, तर एंजिनाच्या पोटाला भोक पाडून तो बाहेर येऊ शकतो.

ही सारी विद्या मला पुण्यातल्या नाना पेठेतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडून मिळाली. वडील गेल्यानंतर त्यांची जुनी, कार्ब्युरेटरची मोटार आमच्या दारात उभी होती. आई तिच्यात बसून महिन्यातून एकदा देवदर्शनाला जाई, आणि मागच्या सीटवरची वडिलांच्या बाजूची जागा रिकामी ठेवी. एके दिवशी गाडी खालून खटखटू लागली. एका मोठ्या गॅरेजात दाखवली, तेव्हा बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल मिळाला, “रॉडचे बेअरिंग गेले. एंजिन उतरवावे लागेल.” आकडा ऐकून बायको माझ्याकडे पाहू लागली आणि मी आईकडे. मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशाचे ते दिवस. भंगारवाला रोख द्यायला तयार होता. आई एवढेच म्हणाली, “तुम्हाला सोयीचं असेल ते करा.” आईने असे म्हटले म्हणजे सोय कशात आहे हे ठरवणे फार अवघड होऊन बसते.

शेवटचा उपाय म्हणून मिस्त्रींना घरी आणले. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारले. “सर, थंड असताना जास्त येतो का गरम झाल्यावर? चढावर वाढतो? पाय उचलला की काय होतं?” माझ्या उत्तरांतून एवढेच निघाले, की आवाज थंड-गरम जाणत नव्हता, चढ-उतारही जाणत नव्हता. मिस्त्रींनी मान हलवली. “बेअरिंग असं वागत नाही सर. त्याला भार कळतो.”

मग परीक्षा सुरू झाली. प्रथम त्यांनी पंख्याचा पट्टा काढून एंजिन क्षणभर चालवले. पाण्याचा पंप किंवा डायनॅमो खडखडत असेल, तर तो आवाज थांबतो. थांबला नाही. नंतर एकेका प्लगची वायर जाड रबरी मोजा घालून काढली. वायर काढलेल्या सिलिंडरात स्फोट होत नाही, तेव्हा त्याच्या रॉडवरचा भार जातो. ठोका त्या रॉडचा असेल, तर तो मंदावतो. चारही वायरी झाल्या, ठोका तसाच. मग त्यांनी लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस घेतला, त्याचे टोक एंजिनावर टेकवले आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. मला एकदम पॅरिसचा डॉक्टर लाएनेक आठवला. १८१६ साली कागदाची सुरळी करून त्याने रोग्याच्या छातीतले ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथस्कोप जन्माला आला.

पेचकस एंजिनाच्या कडेने सरकत एका जागी थांबला. “ऐका,” म्हणून त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली. आत कोणी हातोडी मारत असावे असा आवाज होता. “आता मोजा. दोन फेऱ्यांत एक. हा कॅमच्या तालावर चाललाय, क्रँकच्या नाही.” त्या जागी पेट्रोलचा पंप होता. जुन्या एंजिनात हा पंप कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने हलणाऱ्या एका तरफेवर चालतो. तरफेची स्प्रिंग मोडली, की ती उंचवट्यावर सतत आपटते, आणि पंप एंजिनाच्या कडेला खालच्या अंगी असल्याने ठोका पोटातला वाटतो.

खात्री करण्याची त्यांची रीत मला सर्वांत आवडली. एंजिन बंद करून त्यांनी पंप काढला, पेट्रोलची नळी आणि पंपाचे भोक नीट बंद केले, आणि एंजिन पुन्हा सुरू केले. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते मिनिटभर चालते. त्या मिनिटात ठोका नव्हता. आई दारात उभी राहून ऐकत होती. नव्या पंपाचा खर्च, गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नसता.

पाचवी जात राहिली, ती किणकिण. काचेच्या गोट्या डब्यात हलवाव्यात तसा हा आवाज वरच्या गिअरमध्ये घाट चढताना येतो आणि पाय उचलताच थांबतो. येथे काहीच सैल झालेले नसते. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते. इंग्रजीत यालाही ‘नॉक’ आणि सैल बेअरिंगलाही ‘नॉक’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. आपल्या किणकिण आणि ठकठक या दोन शब्दांनी तो होत नाही. अशा वेळी खालचा गिअर टाकावा. तरीही आवाज राहिला, तर ठिणगी वेळेआधी पडते का, एंजिन फार तापते का, आत काजळी साचली आहे का, हे पाहावे.

या किणकिणीने जगाला फार महाग धडा दिला आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली याला १९२१ च्या डिसेंबरात असे आढळले, की पेट्रोलात शिशाचे एक संयुग घातले तर ही किणकिण थांबते. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीला आले. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार वेडेपिसे होऊन मेले, तरी विक्री थोड्या खंडानंतर चालूच राहिली. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. ते जगभरच्या रस्त्यांवर धुरातून पसरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली थांबला. एंजिनाचा आवाज बंद करण्याची किंमत एंजिनाबाहेरच्यांनी मोजली.

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा याच किणकिणीचे माप आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका आपोआप भडकण्यास विरोध करणारे. तेव्हा ज्या एंजिनाला गरज नाही, त्याला महागडे पेट्रोल पाजून जोर वाढत नाही.

नव्या गाड्यांत एंजिनाच्या अंगावरच एक स्फटिकाचा कान बसवलेला असतो. किणकिणीची सेकंदाला काही हजार कंपने त्याने टिपली, की गाडीतला संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अशा गाड्यांत मिस्त्रींचा वायर काढण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. तेथील विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा नाश करते. ते काम गॅरेजातल्या यंत्राने करायचे. परंतु हा स्फटिक सामान्यतः किणकिणच ऐकतो. पट्ट्याची, पंपाची, टॅपेटची कुरकुर अजून माणसालाच ऐकावी लागते.

म्हणून गॅरेजात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. आवाज थंड असताना येतो की गरम झाल्यावर. भाराने वाढतो की पाय उचलल्यावर. वरून येतो की खालून. आणि मराठीत त्याचे नाव काय. एंजिन उतरवा असे कोणी म्हणाले, तर कोणत्या परीक्षेवरून म्हणता, हे नम्रपणे विचारावे. जाणकार माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी निघण्यापूर्वी एवढे करावे. गाडी सपाट जागी उभी करून एंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने तेलाची पट्टी काढावी, पुसून पुन्हा घालावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहावे. वाटेत तेलाचा तांबडा दिवा लागला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असे म्हणू नये. तेथेच कडेला थांबून किल्ली फिरवावी. मुले कुरकुरतील, फराळाचे डबे जरा लवकर उघडतील. उघडू द्यावेत.