भोकरदनचे दंतकार

भोकरदन हे जालना जिल्ह्यातील, केळणा नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. प्राचीन काळी त्याचे नाव भोगवर्धन असे होते. सांची व भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत या नगरातील रहिवाशांचे उल्लेख आढळतात. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माणसे इतक्या दूरच्या स्तूपांना दान देऊ शकत होती, हे द्रव्य केवळ शेतीचे खास नसावे. येथील कारागीर घडवीत असलेल्या वीतभर उंचीच्या आकृतींचाही त्यात काही वाटा होता, असे मानण्यास जागा आहे.

ही हकीकत इटलीत सुरू होते. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली अमेदेओ मैयुरी या पुरातत्त्वज्ञास एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे २५ सेंटीमीटर उंच, अंगभर अलंकार ल्यालेली आणि दोन्ही बाजूंस लहानशा दासी असलेली ही मूर्ती भारतीय आहे, हे उघडच होते. तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ती मथुरेकडील असावी, असा प्रथम समज होता.

पुढे १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ व तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी भोकरदन येथे उत्खनन केले. (जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला.) या उत्खननात पॉम्पेईच्या मूर्तीशी निकटचे साम्य असलेले हस्तिदंती काम हाती आले. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथेही याच धाटणीची मूर्ती मिळालेली आहे. या साम्यावरून डॉ. म. के. ढवळीकर यांनी पॉम्पेईची मूर्ती भोकरदनला घडली असावी, असे मत मांडले. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे आणि ती लिपी वायव्य भारतातील आहे. त्यामुळे तिचा संबंध तिकडे जोडणारेही विद्वान आहेत. वाद संपलेला नाही. तथापि भोकरदनचा पक्ष दुबळा नाही, एवढे निश्चित.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्या कारागिराचे काम. पॉम्पेईच्या मूर्तीच्या मस्तकातून खाली एक छिद्र पाडलेले आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी, असे तर्क झाले आहेत. म्हणजे ही मूर्ती देव्हाऱ्यासाठी नव्हे, तर श्रीमंत घराच्या शोभेसाठी घडविलेली होती. तळाचे ते अक्षरही सुटे भाग जुळविण्याची कारखान्यातील खूण असावे, असा एक तर्क आहे. हस्तिदंतात कारागिराला मोकळीक थोडी. सुळ्याची जाडी असेल तेवढ्यातच आकृती बसवावी लागते, मुळाकडचा भाग पोकळ असतो आणि चुकीने उडालेला कपचा पुन्हा जोडता येत नाही. असे काम फावल्या वेळी होत नाही; त्यावर पोट असणाराच ते करू जाणे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील काही शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचे तेथील लेखच सांगतो. दंतकारांचा स्वतंत्र व्यवसाय होता, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हस्तिदंत धनिकांना परवडे. सामान्यांसाठी मातीच्या मूर्ती होत्या. सातवाहनकाळी पुढचा व मागचा असे दोन साचे करून त्यांत मळलेली माती दाबीत, दोन्ही अर्धे सांधून आतून पोकळ मूर्ती तयार करीत आणि मग ती भाजीत. बारीक पांढऱ्या मातीच्या अशा मूर्तींवर केशरचना व दागिने इतके रेखीव उठतात की ते पाहून स्तिमित व्हावे. एका साच्यातून अनेक नग निघत, त्यामुळे किंमत उतरे.

हा माल बाहेर जाण्याची सोयही होती. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर येथून गाड्यांनी माल भडोच बंदरास जात असल्याचे नमूद आहे आणि तेथून निर्यात होणाऱ्या वस्तूंत हस्तिदंताचे नाव आहे.

दंतकाराचा व्यवसाय आज भारतात कायद्याने बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम व त्यातील १९८६ आणि १९९१ च्या सुधारणा यांनी हस्तिदंताचा व्यापार थांबविला, आणि हत्तींचा विचार करता ते योग्यच झाले. परंतु जुन्या दंतकारांचा उरलासुरला पुरावा आजही नष्ट होत आहे. गावाशेजारच्या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल सर्वत्र आहे. त्या मातीबरोबर मूर्तींचे तुकडे, मणी व साचे गाडीत भरले जातात आणि नांगराखाली त्यांचा चुरा होतो. पांढर उकरण्यास आळा घालणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. काही सापडल्यास ते घासूनपुसून काढू नये. जागा व खोली लिहून ठेवून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. भूमिगत निधीविषयीच्या १८७८ च्या अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या अशा निधीची खबर देणे बंधनकारकच आहे.

तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात मिळणाऱ्या अशा वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. त्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. जालना जिल्ह्यातील शिक्षकांनी शाळेची सहल तेथे अवश्य न्यावी. भोकरदनच्या मूर्तीची बहीण शोभेल अशी ती हस्तिदंती मूर्ती त्याच संग्रहातील आहे.