‘श्यामची आई’ : वाच्यार्थाकडून लक्ष्यार्थाकडे

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याकडे निघालेला रस्ता नाशिकरोडला जातो. तेथील मध्यवर्ती कारागृहात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून पूर्ण केली. तत्पूर्वी १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. या कृतीची चर्चा आजवर प्रामुख्याने संस्कार, मातृप्रेम व भावविवशता या अंगांनी झाली आहे. इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला ही कृती भाषा कशी शिकवते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

शब्दसंपत्ती वाढविण्याचा आपल्या वर्गांतील रूढ मार्ग म्हणजे पाठाच्या शेवटी शब्दार्थांची यादी देणे. ‘अळणी म्हणजे मीठ नसलेले’ असे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. परंतु एखादे व्याख्यान ‘अळणी’ झाले असे ऐकताच तो अडखळतो. वाक्प्रचारांचेही तेच. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाचे उत्तर तो तयार वाक्य आठवून देतो. शब्द त्याच्या ओळखीचा होतो, पण त्याचा स्वतःचा होत नाही.

याचे कारण आपल्या काव्यशास्त्रात सापडते. मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी असलेला संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. वाक्प्रचार हे बहुतांशी रूढ लक्षणेचे क्षेत्र होय. ज्याच्या मनात मुख्यार्थच उभा राहिलेला नाही, त्याला तो बाधित झाल्याचे कसे जाणवणार? यादी लक्ष्यार्थ थेट हाती देते आणि मधली पायरी गाळते. कथात्म साहित्य हीच पायरी पुरविते. ‘श्यामची आई’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

‘अळणी भाजी’ हे प्रकरण पाहावे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील व मुले काही न बोलता ती खातात. पुढे आई स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तिला चूक कळते. येथे ‘अळणी’ हा शब्द व्याख्येने येत नाही. तो जिभेवर येतो, आणि त्याबरोबर इतरांच्या मौनामागचा जिव्हाळाही येतो. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘अलवण’, हे शिक्षकाने नंतर सांगावे. याच मिठाचा संदर्भ उत्तरार्धात कुटुंबाच्या विपन्नावस्थेचे वर्णन करताना प्रकरणाच्या शीर्षकातच पुन्हा येतो. पूर्वी मीठ घरात होते, पण घालावयाचे राहिले. आता ते घरातच नाही. मीठ या वस्तूचे दारिद्र्याच्या खुणेत झालेले हे रूपांतर ज्याने अनुभवले, त्याला ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ किंवा ‘जखमेवर मीठ चोळणे’ हे वाक्प्रचार समजावून घेणे जड जात नाही.

दुसरे उदाहरण ‘पत्रावळ’ या प्रकरणाचे. मराठीत पत्रावळ ‘करीत’ नाहीत, ‘लावतात’. दिवा लावणे, रोप लावणे आणि पुढे वळण लावणे, शिस्त लावणे या प्रयोगांपर्यंत एकच क्रियापद कसे पोहोचते, हे येथून दाखविता येते. श्यामला पत्रावळ लावावयास शिकविताना घरची माणसे त्याला वळणही लावीत असतात. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात असे कार्यरत आहेत.

‘थोर अश्रू’ या प्रकरणात तर लाक्षणिक भाषेचा पाठच घडतो. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम आईला ओचे पसरावयास लावतो. पायाच्या स्वच्छतेइतकीच मनाच्या स्वच्छतेचीही काळजी घ्यावी, असे आई त्याला सुचविते. ‘मळ’ हा दृश्य पदार्थ प्रथम पायाशी येतो, मग मनाशी. साम्य आधी डोळ्यांना दिसते, उपमा त्यानंतर उच्चारली जाते. अलंकाराची व्याख्या सांगून उदाहरण देणारे व्याकरण नेमका उलटा क्रम स्वीकारते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. कृतीतील शब्दसृष्टी कोकणातील एका ब्राह्मण कुटुंबाची, विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. सोवळे, द्रोण, व्रते यांचे जग आजच्या अनेक घरांना परके आहे. नाशिकच्या वर्गात प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, हिंदी वा उर्दू घरी बोलणारी मुले बसतात. त्यांच्यापुढे ही शब्दसृष्टी ‘शुद्ध’ मराठीचा नमुना म्हणून ठेवल्यास त्यांची घरची भाषा उणी ठरते. त्याऐवजी, बेचव जेवणाला तुमच्या घरी काय म्हणतात आणि तोच शब्द माणसाला लावतात काय, असा प्रश्न विचारावा. त्यातून जमणारे शब्द फळ्यावर ‘अळणी’च्या शेजारी लिहावेत. कोकणात वाढलेल्या गुरुजींनी खानदेशातील मुलांना शिकविले होते. श्यामही आपल्या बालपणाच्या कथा रात्रीमागून रात्र आश्रमातील मित्रांना सांगतो. ऐकणाऱ्याला अपरिचित असलेले जग उलगडून दाखविणे हा या निवेदनाचा स्वभावच आहे.

तेव्हा अध्यापनाचा क्रम असा असावा : प्रथम प्रसंगाचे सलग वाचन, मग त्यातील वस्तूची वा कृतीची ओळख, त्यानंतर त्या शब्दाचे इतर प्रयोग आणि शेवटी अलंकाराचे किंवा शब्दशक्तीचे नाव. एका तासाला तीन-चार शब्द पुरेत. यादीतील वीस शब्द परीक्षेनंतर विसरले जातात. जो शब्द प्रसंगासह मनात रुजला, तो विद्यार्थी पुढे स्वतःच्या वाक्यात, आपण स्वतः न सुचविलेल्या अर्थाने वापरतो. भाषा आत्मसात झाल्याची खूण हीच होय.