समाधानाचे बियाणे



हंगाम साधला की घरात आनंद येतो. भाव बरा मिळाला तर पोराबाळांना नवे कपडे होतात. पण पुढच्या वर्षी पाऊस दगा देतो, बाजार पडतो आणि तो आनंद आल्या वाटेने निघून जातो. पाऊस आणि भाव आपल्या हाती नाहीत. मग मन कशावर टेकवावे? जे काम आपल्या हाती आहे आणि आपल्यामागेही कुणाच्या तरी उपयोगी पडेल, त्यावर.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे छोटे गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंतचे, शेती दीड एकर. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर त्या बाकीच्या धानाबरोबर खळ्यावर गेल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यातून पुन्हा चांगल्या निवडल्या. असे वर्षामागून वर्ष चालले. त्यातून बारीक दाण्याचा, चवीला सरस असा वाण उभा राहिला. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला, तेव्हा त्या काळच्या नामांकित घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. आज तो तांदूळ कितीतरी घरांत शिजतो.

या वाणाने दादाजींना मात्र श्रीमंत केले नाही. २००५ साली राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला, तरी अखेरचे दिवस ओढगस्तीत आणि आजारपणात गेले. ३ जून २०१८ रोजी ते वारले.

“मग असले समाधान काय चुलीत घालायचे?” असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. समाधानाने सोसायटीचे कर्ज फिटत नाही, आणि कष्टाचे मोल मागणे हा लोभ नव्हे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या वाणातून पदरी फारसे पडले नाही, तरी दादाजी थांबले नाहीत. त्यांनी पुढे नांदेड हिरा, डीआरके असे आणखी वाण निवडून काढले. केवळ पैशासाठी काम करणारा माणूस पहिल्या निराशेलाच हात टेकतो. ज्याला कामातच गोडी लागली, तो पुढच्या हंगामाची वाट पाहतो.

कष्टाचे मोल मिळावे म्हणून आता कायदाही आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो आणि त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही. नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात चौकशी करावी.

आपणही या हंगामापासून आरंभ करू शकता. कापणीआधी घरातल्या सर्वांनी शेतातून एक फेरी मारावी. रोगाला न बळी पडलेले, न लोळलेले, भरदार दाण्याचे झाड दिसले की त्याला सुतळी बांधावी. त्याचे बी वेगळे वाळवून चिठ्ठी लावून ठेवावे. धान, गहू ही पिके स्वपरागित असल्याने भेसळ कमी होते, निवड सोपी जाते. बाजरीत मात्र परागकण वाऱ्याने येतात, म्हणून दुसऱ्या वाणापासून अंतर राखावे. पेरणीची तारीख, फुटवे, उतारा या नोंदी शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडे द्याव्यात. बियाण्याची पारख घरच्या लक्ष्मीला अधिक असते. तिचा शब्द आधी ऐकावा.

सर्वांच्याच हातून नवा वाण होणार नाही. कोणी विहिरीचे पुनर्भरण करील, कोणी बांधावर आंबा लावील, कोणी शेजाऱ्याच्या मुलाला कलम बांधायला शिकवील. काम लहान असले तरी चालेल. मात्र ते रोज डोळ्याखाली असावे आणि त्याचे फळ घराबाहेरही जावे. असे एक काम हाती असले म्हणजे पीक बुडालेल्या वर्षीही सकाळी शेताकडे पाय वळतात. यंदा सुतळीचा एक तोडा खिशात टाकूनच कापणीला निघा.