*मोजणी खासगी भूमापकाची, पण शेवटची सही कुणाची?*



खरीप निघाला, रानं मोकळी झाली की बांधाचे वाद वर येतात आणि मोजणीची चौकशी सुरू होते. "आता मोजणी खासगी झाली, सरकारी माणसाची वाट बघायला नको," असं बरेच जण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर पैसे जातील आणि वाद तसाच राहील.

*काय बदललं?*
आजवर हद्द कायम करायची किंवा पोटहिस्सा पाडायचा तर भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक हाच मार्ग होता. अर्ज भरपूर, भूकरमापक मोजके. त्यामुळे पैसे भरूनही महिनोन्‌महिने तारीख मिळत नव्हती. यावर उपाय म्हणून महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये परवानाधारक खासगी भूमापकांची पद्धत जाहीर केली. सरकार परवाना देईल, तो भूमापक शेतात येऊन मोजेल आणि अर्जापासून साधारण ३० दिवसांत काम व्हावं, असा त्यामागचा हेतू आहे.

*काय बदललं नाही?*
नकाशा कायदेशीर ठरवणारी सही. खासगी भूमापकाने केलेली मोजणी सरकारी अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करायची आहे. तालुक्याला हे काम उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाचं. ही सही होत नाही तोवर हातातला कागद म्हणजे फक्त एक चित्र.

*मशीन आहे म्हणजे परवाना आहे, असं नाही*
रोव्हर मशीन घेऊन मोजून देणारे आज बरेच आहेत. ठिबकचा आराखडा, शेततळ्याची जागा, पिकाखालचं क्षेत्र यासाठी त्यांच्याकडून खुशाल मोजून घ्या. पण शेजाऱ्याशी हद्द ठरवायला ती मोजणी चालत नाही. म्हणून हद्दीच्या कामाला कुणी आला तर आधी तीन गोष्टी विचारा:
१) परवाना दाखवा. नंबर आणि मुदत वहीत लिहून घ्या, भूमी अभिलेख कार्यालयात खात्री करा.
२) माझा अर्ज रीतसर दाखल झालाय का? अर्ज क्रमांक आणि फीची पावती हवीच.
३) प्रमाणित 'क' प्रत मिळणार का? मोजणीचा अधिकृत नकाशा तोच.

*सरकारी मोजणी सुरूच आहे*
ई-मोजणीतून ऑनलाइन अर्ज करता येतो. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरानुसार ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २००० रुपये, द्रुतगतीला ८००० रुपये. पुढच्या प्रत्येक २ हेक्टरला अनुक्रमे १००० आणि ४००० रुपये जादा. अर्ज करण्याआधी चालू दर एकदा बघून घ्या. पैसे चलनानेच भरा, कुणाच्या हातात रोख देऊ नका.

*अर्जाआधी घरची तयारी*
✅ ताजा सातबारा आणि गटाचा नकाशा काढा.
✅ सातबारावर जेवढी नावं, त्या सगळ्यांची संमती घ्या. बहिणींची नावं असतील तर त्यांचीही.
✅ लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं बरोबर द्या. एकाला नोटीस गेली नाही, तर तोच उद्या हरकत घेईल.
✅ ऊस किंवा तूर उभी असताना तारीख घेऊ नका. खुणा दिसत नाहीत आणि फेरी वाया जाते.

*शेजाऱ्याच्या मोजणीची नोटीस तुम्हाला आली तर*
घरी बसू नका, हजर राहा. हजर राहिलं म्हणजे मान्य केलं, असं होत नाही. हद्द पटली नाही तर जबाबात तसं स्पष्ट लिहा. कोऱ्या कागदावर सही नको. त्यानंतर निमताना मोजणी मागता येते. ती वरचा अधिकारी करतो.

*सगळ्यात महत्त्वाचं*
मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. शेजाऱ्याकडे आपली चार गुंठे निघाली, तरी भूमापक ती काढून देऊ शकत नाही, मग तो सरकारी असो की परवानाधारक. त्यासाठी रीतसर अर्ज किंवा दिवाणी दावा लागतो. नकाशा हातात आला म्हणून जेसीबी लावून बांध फोडला, तर गुन्हा आपल्यावरच दाखल होतो. मग न्याय आपल्या बाजूचा असूनही फेऱ्या आपल्याच नशिबी.

आधी क प्रत घेऊन शेजाऱ्याकडे जा, गावातली दोन जाणती माणसं सोबत घ्या. बरेच बांध तिथेच मिटतात.

कागद कळत नसतील तर संकलन केंद्रावर घेऊन या, आपण बसून बघू. हा मेसेज भाऊबंदांनाही पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद माहिती सेवा 🌾