सुरांच्या हद्दी सांभाळणारी पेटी

आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला हर्णैच्या बाजूने येणारा भाविक पूर्वी जोग नदीची खाडी होडीने ओलांडीत असे; आता पुलावरून मोटारी थेट गावात उतरतात, आणि त्यांतील बहुतेकींत गाणे चालू असते. त्या गाण्याचा दर्जा ज्या लहानशा पेटीवर अवलंबून असतो, ती दाराच्या अस्तरामागे किंवा डॅशबोर्डाखाली लपलेली असल्यामुळे मालकाला तिचे नावही ठाऊक नसते. तिला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि माझ्या मते मोटारीच्या ध्वनियोजनेतील सर्वांत जबाबदारीचे काम तिच्याकडे आहे.

मनुष्याचा कान सुमारे 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ग्रहण करतो. डग्ग्याचा घुमारा उमटवावयाचा तर पुष्कळ हवा ढकलणारा रुंद पडदा पाहिजे, आणि झांजेचा झणत्कार उमटवावयाचा तर निमिषार्धात हजारो वेळा हलू शकणारा हलका घुमट पाहिजे. ही दोन्ही कामे एकाच पडद्याकडून उत्तम होणे अशक्य, म्हणून कंपोनंट संचात दारात साडेसहा इंची वूफर आणि आरशाजवळच्या कोपऱ्यात इंचभराचा ट्वीटर अशी वाटणी असते. ॲम्प्लिफायरमधून मात्र सर्व स्वर एकाच प्रवाहात मिसळून येतात. तांब्याच्या तारेचे वेटोळे वाढत्या कंपनसंख्येला वाढता अवरोध करते, तर कपॅसिटर नेमका उलट वागतो. म्हणून वूफरच्या वाटेवर वेटोळे आणि ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर बसविला की प्रत्येकास आपापल्या हक्काचे स्वर पोहोचतात. चार ओहमच्या स्पीकरांसाठी 3,000 हर्ट्‌झवर साधी विभागणी करावयाची झाल्यास सुमारे 0.21 मिलिहेन्रीचे वेटोळे आणि सुमारे 13 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो.

ही हद्द मात्र भिंतीसारखी नसते; खाडीच्या मुखाशी गोडे पाणी आणि खारे पाणी काही अंतर एकत्र वाहते, तसे हद्दीजवळचे स्वर दोन्ही स्पीकरांतून उमटतात. साध्या रचनेत एका सप्तकामागे 6 डेसिबल घट होते. वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी प्रत्येक वाटेवर घातल्यास ती 12 होते, परंतु मग हद्दीवर दोन्हींची आंदोलने परस्परविरुद्ध पडून एकमेकांस खाऊन टाकतात, आणि म्हणून ट्वीटरच्या धन-ऋण तारा उलट जोडण्याची तरतूद करावी लागते. 1976 साली झिगफ्रीड लिंक्विट्झ यांनी, सहकारी रस रायली यांच्या साह्याने, दोन्ही स्पीकरांची बेरीज हद्दीवरही समतल राहील अशी जी रचना मांडली, ती आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन असे, की ही हद्द बहुधा 2,000 ते 5,000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात पडते आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपला कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो. तेथे थोडीही गफलत झाली तर गायिकेचा आवाज दूर गेल्यासारखा वाटतो, आणि ‘स’, ‘श’ कानाला बोचू लागतात.

जोडणीचे काम चित्त स्थिर ठेवून करावयाचे आहे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. पेटीवर इनपुट, वूफर व ट्वीटर अशा तीन जोड्या असतात. त्यांत अदलाबदल झाली तर जाड स्वरांचा सारा भार ट्वीटरच्या केसासारख्या तारेवर पडून ती जळते. वूफरची दिशा ओळखण्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: धनाला धन लागले असेल तर पडदा पुढे येतो. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये. आणखी एक नियम कारागिरांकडूनही कधीकधी मोडला जातो, तो असा की स्पीकरची ऋण तार मोटारीच्या सांगाड्याला कदापि जोडू नये. हल्लीच्या बहुतेक संचांत दोन्ही तारांवर व्होल्टेज असते, आणि सांगाड्याला स्पर्श होताच संचाचे नुकसान होते.

आणि मग येतो कोकणचा पाऊस, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक, सोबत समुद्राची खारी हवा. मोटारीच्या दाराच्या पोकळीत काचेवरून पाणी उतरते व खालच्या छिद्रांतून निघून जाते, ही त्या दाराची मूळ रचनाच आहे. सबब तेथे क्रॉसओव्हर ठेवणे म्हणजे त्याला जलसमाधी देणे होय. नुसती पिळून चिकटपट्टीने गुंडाळलेली तांब्याची तार खाऱ्या हवेत हिरवी पडते, सांध्याचा अवरोध वाढतो, आणि आवाज येतो-जातो असे होऊ लागते. मालक मात्र दोष स्पीकरला देतो. पेटी डॅशबोर्डाखाली कोरड्या जागी, वूफरच्या चुंबकापासून दूर बसवावी. तारा कलई केलेल्या घ्याव्या, सांधे डाख देऊन त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, आणि दारात शिरणारी तार मूळच्या रबरी नळीतूनच न्यावी.

किनाऱ्यावर मोटार वापरणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की नवे स्पीकर विकत घेण्यापूर्वी, आणि शक्यतो मृगाआधी, जुन्याच जोडणीचे सांधे एकदा उघडून पाहावेत.