बुरशी आणि आपला श्वास (भाग ४) : टीबी बरा झाल्यावर खोकल्यातून रक्त

मागच्या भागातला म्युकरमायकोसिस काही दिवसांत जिवावर उठतो. आजचा आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि पुष्कळदा टीबीच्याच नावावर खपतो.

टीबीचा कोर्स पूर्ण होतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, माणूस कामाला लागतो. पण टीबीनं पोखरलेल्या जागी, बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात, पोकळी उरू शकते. औषधं जंतू मारतात, पोकळी बुजवत नाहीत. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात. पालापाचोळ्यातून, ओलसर धान्यातून, दमट भिंतींवरून ते हवेत येतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी फुप्फुसातल्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. जुन्या पोकळीत मात्र हा बंदोबस्त लुळा पडतो. तिथं बुरशी रुजते. तंतू, कफ आणि मृत पेशींचा गुंता होऊन काहींच्या पोकळीत गोळाच तयार होतो. एक्स-रेत त्याच्याभोवती हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णानं कूस बदलली की कधी गोळाही सरकतो.

हे नवं नाही. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४२ मध्येच क्षयरुग्णाच्या फुप्फुसातल्या बुरशीचं वर्णन केलं होतं. ब्रिटनमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टीबीनंतर किमान अडीच सेंटिमीटरची पोकळी उरलेले ५४४ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे २५ टक्के लोकांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. टीबीचं एवढं ओझं वाहणाऱ्या आपल्या देशात या आजाराचं नावही रुग्णांच्या कानावर पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण लक्षणं हुबेहूब तीच. महिनोन्‌महिने खोकला, वजनात घट, थकवा, आणि पोकळीच्या भिंतीतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या की बेडक्यातून रक्त. रुग्ण घाबरतो, घरचे म्हणतात, ‘टीबी उलटला’, आणि पुन्हा तीच औषधं सुरू होतात. टीबी खरोखर उलटूही शकतो, म्हणून थुंकीची तपासणी, शक्यतो कल्चरसह, आधी व्हायलाच हवी. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचे अवशेष असले, तर जीन-एक्सपर्टसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते. पुरावा मिळत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही बुरशी तर नसेल?’ सीटी स्कॅन आणि अ‍ॅस्परजिलस आयजीजी ही रक्ततपासणी यांतून बरंचसं उलगडतं. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं करू नका.

उपचारांत इट्राकोनॅझोल महत्त्वाचं. चंडीगडच्या पीजीआयमधल्या अभ्यासात सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार दोन वर्षांच्या आत उलटला; बारा महिने घेतलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. साधी कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी लागते आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी तिचं शोषण घटतं. टीबीवरचं रिफॅम्पिसिन तर रक्तातलं तिचं प्रमाण इतकं खाली आणतं की ती जवळपास निकामी होते. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. गोळा एकाच जागी असेल आणि फुप्फुसाची ताकद शाबूत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. रक्त जास्त पडू लागलं, तर मात्र थांबू नका; रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय असलेलं मोठं रुग्णालय त्याच दिवशी गाठा.

पुढच्या भागात : दमा आणि अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी.