ई-बुक विकायचंय? आधी फेहरिस्त नीट लावा

धुळ्यात पुस्तक काढायचं म्हणजे डीटीपीवाल्याकडे हस्तलिखित द्यायचं, प्रती छापायच्या, ओळखीपाळखीत वाटायच्या आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकायचे. २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली आणि लिहिणाऱ्यांसाठी नवा रस्ता उघडला. तिथं पुस्तक चढवायला पैसे लागत नाहीत, ई-बुकला आयएसबीएनची सक्तीही नाही. अब्बांच्या कविता किंवा चाचांच्या आठवणी घरात पडून असतील, तर त्या पुण्या-मुंबईच्या वाचकापर्यंत जाऊ शकतात. पण एक गोष्ट बरेचजण विसरतात, ती म्हणजे अनुक्रमणिका. आपल्या घरातल्या भाषेत फेहरिस्त.

छापील पुस्तकात फेहरिस्त नसली तरी पानं चाळता येतात. मोबाईलवर तसं चाळता येत नाही. शिवाय ई-बुकला ठरलेली पानं नसतात. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. म्हणून 'पान ४५' असं लिहून उपयोग नाही. प्रकरणाच्या नावावर बोट ठेवलं की थेट तिथं पोचलं पाहिजे.

दुसरं कारण विक्रीचं. किंडलवर साधारण सुरुवातीचा १० टक्के भाग फुकट वाचायला मिळतो. गिऱ्हाईक तेवढ्यावरच ठरवतं. तो भाग शुभेच्छापत्रं आणि सत्काराच्या मजकुरानंच भरला, तर आत काय आहे हे त्याला कळणार कसं? म्हणून अनुक्रमणिका पुढंच ठेवा, शेवटी नको. शुभेच्छा मागं गेल्या तरी चालतील.

आता करायचं कसं?

१. मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर ई-बुकमध्ये अगम्य चिन्हं होऊन दिसतो. तो बदलून घ्या आणि पुन्हा तपासा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

२. वर्डमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १' ही स्टाईल द्या. नुसतं ठळक आणि मोठं केलं तर कॉम्प्युटरला ते शीर्षक आहे हे समजत नाही.

३. 'रेफरन्सेस'मध्ये जाऊन 'टेबल ऑफ कंटेन्ट्स' घ्या. पान क्रमांकाची खूण काढा, हायपरलिंकची राहू द्या.

४. वर्ड नसेल तर गुगल डॉक्समध्येही हेडिंग लावता येतं आणि फाईल ईपब स्वरूपात उतरवून घेता येते. तेही फुकट.

५. नंतर प्रकरण वाढवलं किंवा नाव बदललं, तर अनुक्रमणिका अपडेट करा. ती प्रत्येक वेळी आपोआप बदलत नाही.

६. विक्रीला लावण्याआधी प्रीव्ह्यूमध्ये प्रत्येक नावावर बोट ठेवून बघा. साध्या मोबाईलवरही बघा, कारण आपले बहुतेक वाचक तिथंच वाचणार.

नावांकडेही लक्ष द्या. 'प्रकरण १, प्रकरण २' यातून काहीच कळत नाही. 'पांझरेचा पूर', 'अम्मीची शिलाई मशीन' अशी नावं असली तर वाचकाला आत शिरावंसं वाटतं. कवितासंग्रह असेल तर प्रत्येक कवितेचं नाव द्या; लोक एकच कविता शोधायला परत येतात.

१९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठीतून लिहिणारे आपले लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं लिखाण पुढच्या पिढीला सापडावं असं वाटत असेल, तर एक संध्याकाळ या कामाला द्या. घरातल्या कॉलेजच्या पोरापोरींना सोबत बसवा, काम लवकर होईल.